वाढोण्याच्या यात्रेतील शेवटची कुस्ती

आमच्या मातोश्रींचे माहेर नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर. परंतु वयाची ८६ वर्षे झाली तरी हे नाव त्यांच्या तोंडून आम्ही क्वचितच ऐकले असेल. त्यांच्या लेखी ते गाव वाढोणाच. निजामी अमदानीत कागदोपत्री नाव पालटले, आगगाडीच्या स्थानकावर नव्या नावाची पाटी लागली, आणि पुढे तालुक्याचे ठाणेही त्याच नावाने झाले. तथापि गावातील श्रीपरमेश्वराच्या यात्रेची पत्रिका छापावयाची झाली म्हणजे हिमायतनगरापुढे कंसात 'वाढोणा' हा शब्द येतोच येतो. देवास जुने नाव ठाऊक, एवढे मातोश्रींना पुरे आहे.

ह्या वर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेस जाण्याचा बेत निघाला तो त्यांच्याच आग्रहावरून. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेत अटलांटा शहरी नोकरीस असतो. तो रजेवर आला होता. "तुला माझे माहेर दाखवायचे राहिले आहे," असे त्या नातवास म्हणाल्या. मग किंचित थांबून आम्हांकडे न पाहता म्हणाल्या, "आणि मला दंगल पाहायची आहे."

हे ऐकून आम्ही चकित झालो. ज्या गावी जन्म गेला, ज्या यात्रेत दरसाल पाळण्यात बसून बत्तासे खाल्ले, तेथील कुस्त्या मातोश्रींनी पाहिल्या नसतील, असे आमच्या कधी मनातच आले नव्हते. परंतु वाचकभगिनींस हे नवल वाटणार नाही. वाड्यातील लेकीसुनांनी फडाकडे फिरकावयाचे नाही, असा त्या काळचा शिरस्ता होता. कुस्तीच्या दिवशी मुली माडीवर चढत, तेथून हलगीचा आवाज ऐकत, आणि पटांगणावर उडणारी लाल धूळ पाहून कोण पडला असेल याचा तर्क करीत. ८६ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी यात्रा पाहिली होती, दंगल पाहिली नव्हती.

नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही निघालो. पूर्वी ह्या मार्गावर लहान रुळांची गाडी रमतगमत चाले. आता मोठे रूळ झाले आहेत, तरी मुदखेडचे वळण घेऊन गाडी भोकरच्या बाजूस लागली की प्रवासाची घाई आपोआप ओसरते. दोहों बाजूंस काळी कसदार जमीन, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या, काढणीस आलेला हरभरा, आणि मधूनच हळदीची शेते दिसतात. पुढे किनवटच्या अंगास सागवानाचे रान लागते. उत्तरेस पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडचा मुलूख विदर्भाचा. पुढे सहस्रकुंडापाशी हीच नदी खडकांवरून शतधारांनी कोसळते, आणि पावसाळ्यात तो देखावा पाहण्यासाठी लांबून लोक येतात. मातोश्रींस मात्र पैनगंगा म्हटली की धबधबा आठवत नाही. १९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, वाड्यातील बायकामुले रातोरात नदीपलीकडे उमरखेडकडे नेली होती, ती बैलगाडी आठवते. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या वर्षी सप्टेंबरच्या १७ तारखेस हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, आणि मग मंडळी परतली.

गाडीत वेळ जावा म्हणून नातवास त्यांनी विचारले, "तुमच्या अटलांट्याला यात्रा भरते का रे?"

तो हसून म्हणाला, "भरते की, आजी. दर साल ऑगस्ट संपता संपता. पण तिथे कुस्ती नसते, गोल्फ असते."

गोल्फ म्हणजे काय, हे समजावून सांगण्यात भोकर मागे पडले. विस्तीर्ण हिरवळीवर १८ ठिकाणी लहान लहान गळी असतात. काठीने चेंडू टोलवीत प्रत्येक गळीत घालावयाचा. ज्यास सर्वांत कमी फटके लागतील तो विजयी. आपल्याकडे हा खेळ इंग्रजांनी आणला आणि कलकत्त्यास १८२९ साली त्याचा क्लब निघाला. ब्रिटनबाहेरचा हा सर्वांत जुना क्लब म्हणून ओळखला जातो. "म्हणजे विटीदांडूच, पण विटी चोरायला कोणी समोर नाही," असा मातोश्रींनी त्यावर अभिप्राय दिला. मग पुतण्याने अटलांट्याच्या त्या स्पर्धेचा इतिहास सांगितला, तो मनोरंजक असल्यामुळे येथे थोडक्यात देतो.

अमेरिकेत गोल्फ हा धंदा म्हणून खेळणारे खेळाडू वर्षभर गावोगाव हिंडून निरनिराळ्या स्पर्धा खेळतात. आपल्याकडचे पैलवान एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेस जातात, तसाच हा प्रकार. ह्या हंगामाचा शेवट एखाद्या मोठ्या स्पर्धेने व्हावा, ह्या हेतूने १९८७ साली टूर चॅम्पियनशिप सुरू झाली. प्रारंभी तिला नाबिस्को ह्या बिस्किटांच्या कंपनीचे नाव होते. वर्षभराच्या कमाईत जे पहिले ३० असतील, त्यांनाच प्रवेश. टेक्सास प्रांतातील सॅन अँटोनियो येथे ती प्रथम झाली, आणि टॉम वॉटसन जिंकून ३ लाख ६० हजार डॉलर घेऊन गेला. पुढे काही वर्षे स्पर्धा गावे बदलीत फिरली. १९९८ साली ती अटलांट्याच्या ईस्ट लेक ह्या मैदानावर प्रथम आली, आणि २००४ पासून तिचे ठाणे तेथेच कायम झाले. बॉबी जोन्स हा थोर खेळाडू बाळपणी ह्याच मैदानावर खेळावयास शिकला.

२००७ साली तीत एक नवी भानगड शिरली. वर्षभराच्या गुणांचा हिशेब ठेवून हंगामाच्या शेवटी फेडेक्स करंडक द्यावयाचा ठरले, आणि त्या विजेत्यास १ कोटी डॉलर. त्यामुळे कधी कधी ही शेवटची स्पर्धा एकजण जिंके आणि करंडक दुसऱ्यास मिळे. २००९ साली फिल मिकेलसन याने स्पर्धा जिंकली, पण करंडक टायगर वुड्सने नेला. २०१८ साली वुड्सने स्पर्धा जिंकली, तर करंडक जस्टिन रोझने.

"एका मांडवात दोन नवरदेव!" मातोश्री म्हणाल्या.

हा घोळ मिटविण्यासाठी २०१९ पासून असे केले की, वर्षभरात जो पहिला असेल त्याने दहा फटक्यांच्या आघाडीनेच शेवटच्या स्पर्धेस प्रारंभ करावा, त्याखालच्यांस कमी कमी आघाडी द्यावी, आणि तळच्यांस काहीच नाही.

हे मात्र मातोश्रींस मुळीच पटले नाही. "कुस्तीला उतरण्याआधीच एकाची अर्धी कुस्ती झालेली! मग फड कशाला भरवायचा? घरी मनिऑर्डर पाठवा."

तिकडच्या लोकांचेही हेच म्हणणे पडले असावे, कारण २०२५ साली ही रीत बंद करून सर्वांनी बरोबरीने प्रारंभ करावा असे ठरले. आणि योगायोग असा की, त्याच वर्षी टॉमी फ्लीटवूड हा इंग्रज खेळाडू विजयी झाला. अमेरिकेच्या त्या फिरत्या हंगामात शंभराहून अधिक स्पर्धा खेळूनही तोवर एकही त्याच्या नावावर नव्हती.

"आणि ह्या यात्रेने त्या गावाचे काय बरे झाले?" हा मातोश्रींचा शेवटचा प्रश्न. पुतण्या क्षणभर थबकला. मग म्हणाला की, ईस्ट लेकच्या मैदानाभोवतीची वस्ती एके काळी इतकी वाईट होती की तेथे दिवसाही कोणी जात नसे. १९९० नंतरच्या दशकात टॉम कझिन्स ह्या गृहस्थाने मैदान विकत घेऊन सुधारले, १९९५ साली एक न्यास स्थापिला, आणि गोल्फच्या आधाराने तेथे नवी घरे व शाळा उभी राहिली. काही जुन्या रहिवाशांना मात्र परतावयास मिळाले नाही, असाही आक्षेप घेतला जातो.

"हं," मातोश्री म्हणाल्या, "यात्रा आपल्याकडचीच दिसते."

स्थानकावर आमचे मामेबंधू आले होते. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. आता वाडा मामेबंधू व त्यांची मुले मिळून सांभाळतात. "आत्या, पायरी जपून," असे म्हणत त्यांनी मातोश्रींस हात दिला, आणि वाटेत प्रथम देवदर्शन करून मगच आम्ही घरी गेलो. परमेश्वराची येथील मूर्ती उभी आहे. शिवालयात गेल्यावर डोळे सवयीने खाली पिंडी शोधतात. येथे ते वर उचलावे लागतात. यात्रेमुळे मंदिरापासून पेठेपर्यंत दुकानांच्या रांगा लागल्या होत्या: बांगड्या, रेवड्या, पितळी भांडी, खेळणी, पाळणे. एका बाजूस हरिनाम सप्ताहाचे कीर्तन चालू होते. मराठीच्या जोडीस तेलुगू बोलही कानी पडत. सीमेवरील ह्या गावास दोन्ही भाषा परक्या नाहीत.

रात्री ओसरीवर बैठक जमली. मामेबंधूंस कुस्तीचे वेड लहानपणापासूनचे. १९१२ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास खासबाग मैदान बांधले तेथून प्रारंभ करून ते आपल्या मराठवाड्यापर्यंत आले. महाराष्ट्र केसरी हा किताब प्रथम १९६१ साली औरंगाबाद येथे दिला गेला आणि तो दिनकर दह्यारी यांनी मिळविला. पण मराठवाड्याची छाती फुगली ती १९६९ साली. त्या वर्षी अधिवेशन लातुरास भरले होते, आणि लातूर जिल्ह्यातीलच रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरा येथील राष्ट्रकुल क्रीडांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि १९७७ साली बेळगावास दिल्लीच्या सतपालाशी झालेली त्यांची कुस्ती तर दंतकथेसारखी अद्याप सांगितली जाते. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी अनेक मल्ल घडविले. लातूरकडचे काका पवार त्यांच्याच परंपरेतले.

"आणि २०२० सालची गोष्ट," मामेबंधू म्हणाले, "पुण्यात बालेवाडीला शेवटची कुस्ती लागली. एकीकडे नाशिकतर्फे हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडे आपल्या लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. एकाच आखाड्यातले, रोज एकमेकांशी लढत करणारे. तीन-दोन अशा गुणांनी सदगीर जिंकला. आणि जिंकल्यावर त्याने काय केले, तर शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. आम्ही इथे दूरदर्शनसंचापुढे बसलो होतो. एका गुणाने गदा गेली म्हणून रडावे की त्या खांद्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, काही सुचेना."

ह्यानंतर त्यांनी उद्याच्या फडाची हकिकत सांगितली. उद्याच्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या इनामाच्या कुस्तीस गावातीलच एक मुलगा उभा राहणार होता. त्याचे वडील मामेबंधूंच्या शेजारचे शेतकरी. मुलगा तीन वर्षे लातूरकडच्या एका तालमीत होता. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम आणि फळे. शेतकऱ्याच्या घरात त्याचा खर्च एका म्हशीने भागत नाही. दोन वर्षे पाऊस अवेळी झाला, सोयाबीन हातचे गेले. वडिलांनी मुलास निक्षून सांगितले होते की, पौषातल्या माळेगावच्या यात्रेपासून तू जे मिळविशील त्यावर तालमीत राहा. आणि आपल्या यात्रेची शेवटची कुस्ती मारलीस तर पुढचे वर्ष तुझे. नाही तर हळद काढणीस आली आहे, घरी ये. यात्रांचा हंगाम इतरत्र चैत्र-वैशाखापर्यंत चालतो. ह्या मुलाचा हंगाम मात्र उद्या सायंकाळी संपणार होता.

मध्ये वहिनी उठून आत गेल्या आणि चरवीभर दूध घेऊन मागल्या दाराने गेल्या. गेले पंधरा दिवस हा क्रम चालू असल्याचे मामेबंधूंनी हळूच सांगितले. "ह्यांना वाटते मला ठाऊक नाही," असे ते म्हणाले तेव्हा सगळेच हसले.

दुसरे दिवशी दुपारी आम्ही फडावर गेलो. मातोश्रींकरिता पंचांच्या शेजारी खुर्ची ठेविली होती. आणखीही बऱ्याच बायका आल्या होत्या. माड्यांवर कोणी उभ्या नव्हत्या. मातोश्रींनी एकवार वाड्याच्या दिशेकडे पाहिले आणि पदर सावरून बसल्या. आखाड्याची माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मऊ केली होती. तिचा वास थेट स्वयंपाकघरासारखा येतो, हे त्यांच्याच प्रथम ध्यानी आले.

प्रथम लहान मुलांच्या नारळाच्या कुस्त्या झाल्या. सात-आठ वर्षांची पोरे लंगोट कसून, मांडीवर शड्डू ठोकून, एकमेकांस पाडीत होती. जिंकणाऱ्यास नारळ, हरणाऱ्यास पाठीवर थाप. मग जोड मोठे मोठे होऊ लागले. हलगीची लय चढू लागली. पुतण्या काही वेळ भ्रमणध्वनीवर चित्रे घेत होता, पुढे तो यंत्र खिशात घालून उभाच राहिला. मामेबंधू डावांची नावे सांगत होते: हा घिस्सा, ही ढाक, हे एकचाक. मातोश्री ती नावे पुन्हा पुन्हा उच्चारून पाठ करीत होत्या.

ऊन उतरल्यावर शेवटची कुस्ती पुकारली गेली. आमचा मुलगा आत उतरला. अंगाने फार थोराड नव्हे, पण मान आखूड आणि दंड भरदार. समोरचा पैलवान पैनगंगेपलीकडचा, त्याच्याहून वजनदार आणि चार वर्षांनी मोठा. दोघांनी माती कपाळास लावली, सलामी दिली. पहिली दहा-बारा मिनिटे कोणीच कोणास हाती लागू देईना. लोक ओरडू लागले. मुलाचे वडील आखाड्याच्या कडेस उकिडवे बसले होते. ते आखाड्याकडे पाहतच नव्हते. समोरच्या मातीत काडीने रेघा ओढीत होते.

आणि एकाएकी मुलाने ढाक घेतली. पलीकडचा पैलवान कडेपाशी, अगदी प्रेक्षकांच्या पायांत, आडवा पडला आणि मुलगा त्याच्या छातीवर. त्या बाजूचे लोक 'चितपट! चितपट!' म्हणून आत घुसले. पंच धावले, पण गर्दीने त्यांची दृष्टी अडविली. कोणी फेटा उडविला, कोणी मुलास खांद्यावर घेतले. हलगीवाल्याने विजयाचा ठेका धरला. पंचांतील एकाने आमच्या गावाच्या बाजूने हात वर केला. खाली पडलेला पैलवान उठून काही सांगत होता, पण ते कोण ऐकणार!

तेव्हा खांद्यावरील मुलाने खाली उडी घेतली. तो पंचांकडे गेला आणि दोन्ही हात हलवून काही म्हणाला. आम्हांस शब्द ऐकू आले नाहीत. पण हळूहळू हलगी थांबली, आणि पंचांनी लोकांस मागे सारावयास प्रारंभ केला. पाठ लागली नाही, असे स्वतः जिंकणाराच सांगत होता.

गावातील कित्येकांस हे रुचले नाही. 'पंचांनी दिले ते दिले, तू कोण मोडणारा?' असा ओरडा झाला. मुलाने तिकडे पाहिलेही नाही. कुस्ती पुन्हा आखाड्याच्या मध्यभागी लावली. आणखी कितीतरी वेळ दोघे झुंजले. दिवस मावळला, दिवे लागले. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविली. इनाम निम्मे निम्मे वाटले गेले. पलीकडच्या पैलवानाने मुलाच्या पायांस हात लावू पाहिला, त्याने तो वरच्यावर धरला. वडिलांनी काडी टाकून दिली, उठून धोतर झटकले आणि ते गर्दीतून एकटेच घराकडे गेले.

रात्री वाड्यात जेवणे शांतपणे झाली. मागल्या दाराशी पावले वाजली. मुलगा रिकामी चरवी परत द्यावयास आला होता. मातोश्रींनी त्यास ओसरीवर बोलाविले, समोर बसविले आणि विचारले, "बाळ, एवढ्या गलक्यात पाठ लागली नाही हे तुला कसे कळले?"

तो संकोचून म्हणाला, "आजी, माझा हातच त्याच्या खांद्याखाली गुतला व्हता. हात मधी आसल्यावर खांदा मातीला कसा लागंल? पंचाला दिसलं नसंल, पण हात तर माझाच व्हता."

ह्यावर कोणी काही बोलले नाही. मातोश्रींनी वहिनींकडून चरवी पुन्हा भरून आणविली आणि ती त्याच्या हाती दिली. तो गेल्यावर त्या मामेबंधूंस म्हणाल्या, "ह्याच्या बापाशी उद्या तू बोल." मामेबंधू म्हणाले, "बोललो, आत्या. तो म्हणतो, आधी हळद निघू द्या. त्याचेही काही खोटे नाही. मजूर मिळत नाहीत, कर्ज आहे. मुलगा खरे बोलला ह्याचा त्याला राग नाही. तो एवढेच म्हणाला की, खऱ्याला दूध लागत नसते तर बरे झाले असते."

मग इतका वेळ गप्प असलेला पुतण्या बोलू लागला. गाडीत सांगावयाची राहिलेली एक गोष्ट त्यास आठवली होती. २०२४ साली ईस्ट लेकच्या त्याच शेवटच्या स्पर्धेत सहित थिगाला नावाचा तरुण खेळत होता. जन्म अमेरिकेतला, पण आईवडील मूळचे तेलुगू. तिसऱ्या दिवशी त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तेथे असा नियम आहे की, फटका मारण्यासाठी काठी मागे नेताना ती वाळूस लागता कामा नये. त्यास वाटले की, काठी निसटती लागली. कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःच पंचास बोलावून ते सांगितले आणि दोन फटक्यांचा दंड पत्करला. स्पर्धा संपली तेव्हा तो तिसरा आला, दुसऱ्यापेक्षा बरोबर दोन फटक्यांनी मागे. दंड नसता तर दुसऱ्या जागेची बरोबरी होऊन त्यास सुमारे २५ लाख डॉलर अधिक मिळाले असते.

"मग तो काय म्हणाला?" मातोश्रींनी विचारले.

"झोप नीट लागली असती की नाही, असल्या अर्थाचे काहीसे म्हणाला असेल, मला शब्द आठवत नाहीत, आजी."

"त्याचे पोट भरलेले होते ना?"

"हो. तिसऱ्या जागेलाही ७५ लाख डॉलर होते."

मातोश्री काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तोही भला आणि हाही भला. पण त्याला ते बोलायला एक तोळा बळ लागले असेल, तर ह्याला एक शेर लागले. एवढा फरक लक्षात ठेव म्हणजे झाले."

आमच्या मनात आले, केवढी ही दोन टोके! एकीकडे कोट्यवधी डॉलरांची, आखून रेखून बांधलेली स्पर्धा. वर्षभराच्या गुणांची कोष्टके, नियमांत वारंवार फेरफार, शेवटचा दिवस खरा शेवटचा कसा ठरावा ह्यासाठी चाळीस वर्षे चाललेली खटपट. दुसरीकडे ताक-हळदीची माती, हलगी आणि गर्दीत दृष्टी अडलेले पंच. पण हंगामाच्या शेवटी माणसाने वर्षभर काय मिळविले हे ज्या क्षणी ठरते, तो क्षण दोन्ही ठिकाणी पंचांच्या हाती नसून खेळणाऱ्याच्या हाती असतो. एकाच्या हाती काठी होती. दुसऱ्याचा हातच मधे होता.

दोन दिवसांनी आम्ही परतलो. स्थानकावर गाडीची वाट पाहताना मातोश्रींनी प्रथमच ती पाटी मोठ्याने वाचली, "हिमायतनगर." मग पुतण्यास म्हणाल्या, "तिकडे कोणी विचारले तर हे नाव सांग. पण दंगल कुठे पाहिलीस म्हणून विचारले, तर वाढोणा सांग."

पुतण्या अमेरिकेस गेला. जाण्यापूर्वी त्याने आम्हांस एकीकडे घेऊन, त्या मुलाच्या खुराकाकरिता दरमहा काही रक्कम पाठविता येईल का, असे विचारले. आम्ही ते मामेबंधूंस कळविले. त्यांचे उत्तर आले की, वडिलांनी मान हलविली नाही आणि नकारही दिला नाही. हळद शिजवून वाळवून बाजारात जाईपर्यंत थांबा, असे म्हणाले.

हे लिहीत असता त्यांचा पुन्हा निरोप आला आहे. हळद उकडून झाली, आता ती अंगणात वाळत पडली आहे. मुलगा अद्याप तालमीत गेलेला नाही. दिवसभर तो शेतात राबतो; परंतु पहाटे वहिनी सडा घालावयास उठतात, तेव्हा मागल्या शेताच्या बांधावरून त्याच्या जोरबैठकांचे हुंकार त्यांस ऐकू येतात. मातोश्रींनी हा निरोप दोनदा वाचून घेतला आणि वहिनींस उलट विचारावयास सांगितले की, चरवी मागल्या दाराने अजून जाते ना.